खिशांतील संगीत आणि त्याचीं चित्रें

दिवाळी सरली म्हणजे झाडीपट्टींतील गांवोगांवीं मंडईचे दिवस येतात. भंडारा जिल्ह्यांतील आसगांव हें याच मुलुखांतलें. या दिवसांत इकडे रात्र रात्र दंडारी रंगतात, नाटकें होतात, आणि शेजाऱ्याच्या खांद्यास खांदा लावून माणसें तीं ऐकतात. गाणें ही एकट्याची चैन नसून गांवाचा सोहळा होय, अशी येथील जुनी समजूत. परंतु त्याच मंडईस निघालेला तरुण पाहावा, तर त्याच्या कानांत गुंड्या बसविलेल्या असतात आणि त्याचें गाणें त्याच्यापुरतेंच वाजत असतें. गांवाच्या कानापासून एकाच्या कानापर्यंतचा हा प्रवास कसा घडला? याचा इतिहास केवळ यंत्रशास्त्राचा नाहीं. बऱ्याच अंशीं तो जाहिरातींचा इतिहास आहे. यंत्रें विकणारांनीं एकमेकांवर मात करण्यासाठीं जीं चित्रें रंगविलीं, त्यांनींच आपणांस ऐकण्याची रीत शिकविली, असें आमचें मत आहे.

या परंपरेचें आद्य चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला तो निपर नांवाचा कुत्रा फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकारानें रंगविला. मूळ चित्रांत त्याच्यापुढें नळकांडें वाजविणारा फोनोग्राफ होता. ग्रामोफोन कंपनीनें इ. स. १८९९ मध्यें तें चित्र घेतलें तें एका अटीवर: फोनोग्राफ रंगाखालीं झांकून तेथें आपलें तबकडीचें यंत्र काढावें. म्हणजे या सर्वविश्रुत चित्राच्या पोटांत पराभूत प्रतिस्पर्धी गाडलेला आहे! पुढें १९०२ च्या नोव्हेंबरांत याच कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें, आणि १९०८ सालीं तेथें सियालदाह भागांत तबकड्यांचा कारखाना निघाला. बेका, ओडियन, पाथे या परदेशी कंपन्याही बाजारांत उतरल्या. पण त्या कुत्र्याशीं सामना करील असें चित्र त्यांच्यापाशीं नव्हतें.

तरीही या यंत्रांचें ऐकणें चारचौघांतलेंच राहिलें. १९३१ सालचें हिज मास्टर्स व्हॉइसचें '१०२' क्रमांकाचें यंत्र पेटीप्रमाणें हातीं धरून कोठेंही नेतां येई. परंतु तें उघडलें कीं भोंवतीं माणसें जमत. विदर्भांतील मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांच्या तबकडीनें घरोघर नेली, ती ओसरीवरील मंडळींच्या साक्षीनेंच. मागाहून शेताच्या बांधावर ट्रान्झिस्टर आला. त्याचाही आवाज शेजारच्या वावरांत जाई.

खरा पालट १९७९ सालीं झाला. फिलिप्सनें १९६३ मध्यें काढलेली लहान कॅसेट घेऊन सोनी या जपानी कंपनीनें १ जुलै १९७९ रोजीं वॉकमन बाजारांत आणला. गंमत अशी, कीं एकट्यानें ऐकणें असभ्यपणाचें होईल, अशी शंका कंपनीचे धुरीण अकिओ मोरिता यांस आली. म्हणून पहिल्या यंत्रास दोन हेडफोन जोडण्याची सोय होती, आणि संगीत मंद करून आपसांत बोलतां यावें यासाठीं एक नारिंगी कळही होती. पुढच्याच नमुन्यांत ती कळ गेली. लोकांस एकट्यानेंच ऐकावयाचें होतें! निर्मात्याच्या मनांतला संकोच ग्राहकानें असा निकालांत काढला.

यानंतर फीत जाऊन अंक आले. कानास सहसा न जाणवणारा अंश गाळून ध्वनि सुमारें दशांशावर आणण्याची एमपी३ ही रीत मुख्यतः जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेंत विकसित झाली. १९९८ मध्यें कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेंतील डायमंड कंपनीचा रिओ हीं यंत्रें निघालीं. रिओची धारणशक्ति ३२ मेगाबाइट, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचें संगीत. तरी तबकडीवाल्या कंपन्यांच्या संघानें विक्री थांबविण्यासाठीं त्याला न्यायालयांत खेंचलें. १९९९ सालीं अपील न्यायालयाचा निर्णय रिओच्या बाजूनें लागला. अशा खटल्यासारखी फुकटची जाहिरात दुसरी नाहीं. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें तर २००० सालींच ६ गिगाबाइटांचें यंत्र काढलें होतें. एका वर्षानें, २३ ऑक्टोबर २००१ रोजीं, ॲपलनें आयपॉड पुढें केला, तो ५ गिगाबाइटांचा आणि ३९९ डॉलर किंमतीचा! मग तो जिंकला कसा? तो लहान आणि हाताळण्यास सोपा होता, हें खरेंच. पण ॲपलनें गिगाबाइट न सांगतां खिशांत हजार गाणीं मावतात एवढेंच सांगितलें, हेंही तितकेंच खरें. यंत्राचें माप सांगणारा हरला, माणसाच्या खिशाचें माप सांगणारा जिंकला.

२००३ पासून निघालेल्या त्याच्या जाहिरातींत भडक रंगाच्या पार्श्वभूमीवर काळी छायाकृति बेभान नाचते. पांढरें दिसतें तें केवळ यंत्र आणि कानापर्यंत गेलेली दोरी. त्या आकृतीस चेहरा नाहीं, म्हणून पाहणाऱ्यानें तेथें आपला चेहरा कल्पावा. तिच्या शेजारीं दुसरें कोणी नाहीं, हेंही लक्षांत घेण्याजोगें.

प्रतिस्पर्ध्यांची धडपड मोठी झाली. क्रिएटिव्हनें २००४ मध्यें जाहिरातींसाठीं १० कोटि डॉलरांचें युद्ध पुकारलें. त्यांत यश आलें नाहीं. पेटंटच्या तंट्यांत मात्र २००६ सालीं ॲपलनें तिला नेमके तेवढेच डॉलर दिले. सॅनडिस्कनें आयपॉड घेणारांस मेंढरांची उपमा दिली. पण ज्याला ग्राहक करावयाचें त्याला मेंढरूं म्हणून कोण वश होतो? सोनीची गाण्यांचीही कंपनी होती. नकलेच्या भयानें तिचीं यंत्रें प्रारंभीं एमपी३ सरळ वाजवीतच नसत. मायक्रोसॉफ्टच्या झून यंत्रानें २००६ मध्यें संगतीचा पुकारा केला. एकानें दुसऱ्यास गाणें बिनतारी पाठवावें ही त्यांतील कल्पना होती. परंतु मिळालेलें गाणें तीनदां ऐकलें किंवा तीन दिवस लोटले, कीं बंद पडे. मैत्रीची भेट अशी मुदतीची असेल, तर ती भेट कसली?

जिंकणाराही अमर नव्हता. भ्रमणध्वनीनेंच संगीत पोटांत घेतलें, आणि १० मे २०२२ रोजीं आयपॉड बंद झाल्याचें ॲपलनें जाहीर केलें. खेड्यांतून तर आयपॉड क्वचितच दिसला. तेथें दुकानदारानें गाणीं भरून दिलेलें नखाएवढें मेमरी कार्डच आलें. यंत्र आलें नाहीं, पण त्या चित्रानें शिकविलेली संवय आली.

येथें एका गोष्टीची दखल घेणें न्यायाचें होईल. चारचौघांत ऐकावयाचें म्हणजे घरांतील कर्त्याच्या आवडीचें ऐकावयाचें, हा जुन्या ओसरीचा नियम होता. ज्या सुनेस स्वतःच्या आवडीचें एक गाणें मागण्याचीही चोरी होती, तिला कानांतल्या गुंडीनें केवढें स्वातंत्र्य दिलें! एकांत हा सर्वस्वीं तोटा नव्हे.

परंतु त्या एकांतांतही कांहीं हरवलें, हें व्यापाऱ्यांनींच ओळखलें. ग्रामोफोन कंपनीची वारस जी सारेगामा, तिनें २०१७ मध्यें जुन्या रेडिओच्या घाटाचें 'कारवां' हें यंत्र काढलें. त्यांत ५००० गाणीं आधींच भरलेलीं. पुढें मराठी गाण्यांचेंही यंत्र निघालें. मुलांनीं वृद्ध आईबापांस द्यावयाची भेट म्हणून त्याची जाहिरात झाली. खिशांतला आवाज पुन्हां ओसरीवर आला. मात्र भेट देणारें मूल बहुधा दूर शहरांत असतें. कुत्रा दूरच्या धन्याचा आवाज ऐकत होता. आतां आई दूरच्या मुलाच्या प्रेमाची खूण ऐकते.

या साऱ्या चित्रांत दंडारीचें चित्र कोठेंच नाहीं. जिच्या गाण्यांवर कोणाची मालकी नाहीं, तिची जाहिरात कोण करणार? ती टिकली आहे ती ऐकणारांच्या दाटीवर. तरुणानें वाटेनें खुशाल आपलें गाणें ऐकावें. पण मंडईंत पोहोंचल्यावर कानांतली गुंडी काढून ठेवावी, एवढेंच त्याला सांगावेंसें वाटतें.