बरोबरी आणि बुर्जी

लोहगडवाडीत पावसाने गाठले की पडवीत बसून राहण्यावाचून गत्यंतर नसते. २०२५च्या जुलैअखेर आम्ही तेथे असेच अडकलो आणि गड सोडून पट मांडला. डाव मात्र आमचा नव्हे, बातुमीतला: २६ जुलै, महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील पहिला. पांढरी मोहरी नागपूरच्या दिव्या देशमुखकडे, काळी कोनेरू हंपीकडे.

सुरुवात जुनीच. वजिरापुढचे प्यादे दोन घरे, काळ्याचेही तसेच. मग पांढऱ्याच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे सरकते आणि काळा ते मारतो. यालाच 'क्वीन्स गॅम्बिट अॅक्सेप्टेड' म्हणतात. फुकट मिळालेले ते प्यादे काळ्याला सहसा राखता येत नाही आणि पटाचा मध्य पांढऱ्याच्या हाती जातो. त्या दिवशीही दिव्याचे पारडे लवकरच जड झाले होते. पण संधी निसटली आणि डाव बरोबरीत सुटला.

देशी पद्धतीच्या बुद्धिबळात ही सुरुवात संभवतच नव्हती. तेथे प्यादे एकेक घरच चाले. सैन्ये समोरासमोर यायलाच वेळ लागे. शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल करता येई. आणि शेवटासाठी एक शब्द होता, 'बुर्जी': एका पक्षाकडे एकटा राजा उरला की बुर्जी झाली. कोठे ती बरोबरी गणत, कोठे अर्धी जीत. म्हणजे न सुटलेल्या डावातही कोण नागवला आणि कोण वरचढ होता, याची नोंद भाषेत राहत असे. दिव्याच्या डावाला बुर्जी लागू पडली नसती, हे खरे. दोन्हीकडे मोहरी होती. पण 'बरोबरी' हा शब्द त्या डावाचे वर्णन करीत नाही, तो झाकतो, असे आम्हांस वाटते. भाषेच्या अध्यापकांनी तरी 'बुर्जी'ला केवळ कोशात ठेवू नये.

दुसऱ्या दिवशीचा डावही बरोबरीत गेला. २८ तारखेच्या जलद डावांपैकी पहिलाही तसाच. दुसऱ्यात काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली, अडीच विरुद्ध दीड, आणि ग्रँडमास्टरही झाली. चारांतले तीन डाव अनिर्णित. वृत्तपत्रांनी मथळा चौथ्याला दिला.

पाऊस ओसरल्यावर समोर विसापूर दिसू लागला. १८१८च्या मार्चमध्ये तो उंच गड इंग्रजांच्या हाती गेला आणि लोहगड लढाईवाचून पडला. त्याला मात्र बरोबरी कोणी म्हटले नाही.