अक्षतांच्या वेळी चित्र का फुटायचं?

मागच्या उन्हाळ्यात आर्णीला घरी होतो. सकाळीच गल्लीतल्या एक मावशी आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली डीव्हीडी. तिच्यावर नवरा-नवरीच्या फोटोचं गोल स्टिकर, कडेने पिवळं पडलेलं. ते स्टिकर २००७ साली मीच चिकटवलं होतं.

“बाबू, हे सीडी चालून नाही राह्यली,” मावशी म्हणाल्या. “माया पोरीच्या लग्नाची हाये. आखरीले तिचे बाबा बोलते याच्यात. पाहून दे ना जरासक.”

तिचे बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे फोटो आहेत, आधार कार्ड आहे. आवाज मात्र त्या एका चकतीवरच आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी डीव्हीडी कधी हातात धरली नसेल. फोनवर शूट केलं, पाठवलं, संपलं. मधली सगळी आकडेमोड फोन गुपचूप करतो. आमच्या वेळी ती आम्ही करायचो आणि हमखास चुकायचो. त्या चुका सांगायच्या म्हणजे थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण आमच्या स्टुडिओतली प्रत्येक चूक आर्णीच्या बाहेर, फार आधी कुठेतरी सुरू झालेली होती.

बारावीनंतर, २००५ ते २००९, मी बस स्टँडजवळच्या एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. मालकाला आम्ही दादा म्हणायचो. दादांनी व्हीएचएसच्या जमान्यात दोन व्हीसीआर जोडून लग्नं कापली होती. एकावर चालवायचं, दुसऱ्यावर रेकॉर्ड करायचं. महाराष्ट्रातल्या या दोन व्हीसीआरच्या विद्येचं एक नाव जगाला ठाऊक आहे : मालेगावचे नासिर शेख. व्हिडिओ पार्लर चालवता चालवता ते एडिटिंग शिकले आणि २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ बनवला. मालेगाववर पुढे माहितीपटही निघाला. पण तीच विद्या वापरून तालुक्या-तालुक्यात लग्नाच्या हजारो कॅसेटी बनवणाऱ्यांबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही. दादा त्यांच्यातले एक.

२००५ मध्ये दादांनी मिनीडीव्ही कॅमेरा घेतला आणि नागपूरहून पेंटियम फोर आणला. लोकांना आता कॅसेट नको होती, “डीव्हीडी पाह्यजे” होती. आम्हा दोघांनाही ती कशी बनते हे माहीत नव्हतं.

पहिली अडचण पहिल्याच आठवड्यात आली. कॅमेरा वायरने संगणकाला जोडून टेप आत घ्यायची, तर वीसेक मिनिटं झाली की कॅप्चर बंद पडायचं. वायर बदलली, कार्ड बदललं, टेपचं हेड साफ केलं. मग एक दिवस कागदावर हिशोब मांडला. डीव्ही टेप दर सेकंदाला साधारण ३.६ एमबी ओतते, म्हणजे तासाला १३ जीबी. आमची हार्डडिस्क फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. ४ जीबीला ३.६ ने भागलं की वीस मिनिटांच्या आसपासच उत्तर येतं. डिस्क एनटीएफएस केली आणि अडचण मिटली. तेव्हापासून मला एक सवय लागली : बिघाड ठरावीक वेळेला होत असेल, तर वायरींना हात लावण्याआधी भागाकार करून पाहायचा.

दुसरी चूक जास्त जुनी होती. पहिली डीव्हीडी निघाली, टीव्हीवर लावली, तर वरातीतली माणसं झटके देत चालत होती. दादा म्हणाले, नाचत असतील. पण मंडपाचा खांबही कॅमेरा फिरला की झटके देत होता. सॉफ्टवेअर उघडताना ते ‘एनटीएससी की पाल’ असं विचारायचं आणि आम्ही न वाचता पहिला पर्याय दाबला होता.

हा पर्याय कुठून आला? विजेतून. सुरुवातीच्या टीव्हीचा वेग विजेच्या तालाला बांधलेला होता. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते, म्हणून तिथे टीव्हीवर सेकंदाला ३० चित्रं ठरली. १९५३ मध्ये रंग आला तेव्हा ती २९.९७ झाली. युरोपात आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ चित्रं. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीत वॉल्टर ब्रुख यांनी रंगाची ‘पाल’ पद्धत काढली आणि १९६७ मध्ये तिथे ती प्रक्षेपणात आली. भारताने तीच घेतली. १९८२ च्या १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं आणि त्याच वर्षीच्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही घराघरांत शिरू लागले. आमच्या कॅमेऱ्याने २५ चित्रं टिपली होती आणि सॉफ्टवेअर त्यांची जवळजवळ ३० करत होतं. मधली पाच कुठून आणणार? आहेत तीच पुन्हा दाखवणार. झटके त्याचेच होते.

‘पाल’ निवडल्यावरही कधी कधी चित्र थरथरायचं. त्यालाही टीव्हीच जबाबदार. जुना टीव्ही एक चित्र दोन हप्त्यांत दाखवायचा, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. कुठल्या ओळी आधी, हे ठरलेलं असतं. डीव्ही कॅमेरा खालच्या ओळी आधी देतो, तर एन्कोडरमध्ये बऱ्याचदा वरच्या आधी असं ठरवलेलं असायचं. क्रम उलटा झाला की हात वर नेणारा माणूस दर क्षणी थोडा पुढे, थोडा मागे जातो. संगणकाच्या पडद्यावर हे धड दिसतही नाही. म्हणून दादांनी जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही टेबलावर कायमचा ठेवला. त्यावर पाहिल्याशिवाय डीव्हीडी गिऱ्हाइकाला द्यायची नाही.

मग आवाज. लग्नाच्या सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळायचे, पण तासाभराने गुरुजींचं तोंड मिटल्यावर ‘सावधान’ ऐकू यायचं. कारण तीन वेगवेगळे आकडे एकत्र आले होते. कॅमेऱ्याची आवाजाची सेटिंग होती ३२,००० नमुने दर सेकंदाला, सीडीवरून घेतलेली गाणी ४४,१०० ची आणि डीव्हीडीला हवे होते ४८,०००. यातला ४४,१०० मला फार आवडतो. डिजिटल आवाज पहिल्यांदा साठवायची वेळ आली तेव्हा इतकी माहिती मावेल अशी हाताशी असलेली वस्तू म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. चित्राच्या प्रत्येक ओळीत आवाजाचे ३ नमुने बसवले. युरोपी पद्धतीत वापरता येणाऱ्या ओळी २९४ आणि सेकंदाला ५० हप्ते : ३ × २९४ × ५० = ४४,१००. अमेरिकी पद्धतीत ३ × २४५ × ६०, तेही ४४,१००. दोन्हीकडे जुळणारा आकडा म्हणून तो सीडीत आला. आम्ही सगळे आवाज आधी ४८,००० वर आणून मगच टाइमलाइनवर टाकायला लागलो आणि गुरुजी वेळेवर बोलू लागले.

सगळ्यात चिवट अडचण अक्षतांची होती. लग्न छान चाललेलं असायचं, अंतरपाट दूर व्हायचा, अक्षता उडायच्या आणि नेमकं तेव्हाच चित्र फुटायचं. नवरीचा चेहरा चौकोनी ठोकळ्यांचा व्हायचा. ज्या क्षणासाठी माणसं पैसे देतात तोच क्षण खराब. गिऱ्हाईक म्हणायचं, कॅमेरा हलक्यातला आहे.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. डीव्हीडीतली एमपेग-२ पद्धत प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. पंधरा चित्रांच्या गटात एकच पूर्ण असतं, बाकीच्यांत फक्त ‘मागच्यापेक्षा काय बदललं’ एवढी नोंद. स्टेजवर बसलेल्या पाहुण्यांत बदलतं काय? काहीच नाही. पण अक्षतांमध्ये हजारो दाणे, प्रत्येक दर क्षणी नव्या जागी. सगळंच बदलतं, नोंद फुगते आणि ठरवून दिलेले बिट पुरत नाहीत.

बिट कमी का पडायचे? डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं, पण ते ४.७ अब्ज बाइट. संगणक १०२४ च्या पटीत मोजतो आणि त्याला ते ४.३७ च दिसतात. त्यात दोन तासांचं लग्न भरलं तर सेकंदाला सव्वापाच मेगाबिट मिळतात, चित्र बरं दिसतं. आमच्याकडे हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन तास व्हायचे आणि लोकांना सगळं एकाच चकतीत हवं असायचं. मग साडेतीनच मेगाबिट, त्यातच आवाजही.

उपाय होता ‘टू-पास’. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळं लग्न नुसतं पाहतं, कुठे धावपळ आहे, कुठे शांतता. दुसऱ्या फेरीत पाहुण्यांचे बिट काढून अक्षतांना देतं. अडचण इतकीच की वेळ दुप्पट. एका फेरीला रात्र जायची, आता दोन रात्री. आणि ती वर्षं भारनियमनाची. यूपीएस पंधरा मिनिटं तग धरायचा. पहाटे दुकान उघडलं की काळा पडदा, सगळं पहिल्यापासून. शेवटी दादांनी तोड काढली : लग्नाचे तुकडे करायचे. हळद वेगळी, वरात वेगळी, लग्न वेगळं, पाठवणी वेगळी. एकेक तुकडा वीज असेल तेव्हा एन्कोड करायचा, शेवटी एकत्र बांधायचे. वीज गेलीच तर एकच तुकडा जाईल. अक्षतांचा तुकडा एवढाच टू-पास, आणि त्याला बिटही जास्त. त्यानंतर आर्णीत आमच्या अक्षता स्वच्छ पडू लागल्या. पुढच्या दोन सिझनला आजूबाजूच्या गावांहून लोक “यांचं कॅमेरा चांगला हाये” म्हणत यायचे.

या सगळ्याचा अभिमान होता. मावशींची चकती हातात घेईपर्यंत.

लॅपटॉपला जुना ड्राइव्ह जोडला. मेनू आला, हळद चालली, अक्षता स्वच्छ पडल्या. पाठवणीला मात्र ड्राइव्ह घरघरायला लागला. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. सुरुवात मध्याजवळ, शेवट कडेला. ओल, ओरखडे आणि बोटं आधी कडेलाच पोचतात. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो काळाने विटतो, आणि कागदी स्टिकरमुळे चकती ताणली जाते, तिचा तोल जातो. तीन तास एकाच चकतीत बसवायचे म्हणून आम्ही ती शेवटच्या कडेपर्यंत भरली होती. वडील बोलतात ती पाठवणी नेमकी तिथेच.

डीव्हीडीच्या फोल्डरमध्ये तीन प्रकारच्या फाइल असतात. व्हीओबीमध्ये चित्र आणि आवाज, आयएफओमध्ये अनुक्रमणिका, आणि बीयूपी म्हणजे त्या अनुक्रमणिकेची जादा प्रत. नव्वदच्या दशकात ज्यांनी हे नियम लिहिले त्यांना चकती खराब होणार हे ठाऊक होतं. पण त्यांनी नक्कल ठेवली अनुक्रमणिकेची. पुस्तकाची नक्कल ठेवायचं काम आमचं होतं.

“तुमच्याजवळ असंन ना मूळ कॅसेट?” मावशींनी विचारलं.

नव्हती. मिनीडीव्ही टेप शंभर-सव्वाशे रुपयांची यायची. डीव्हीडी दिली की दुसऱ्या लग्नाला तीच टेप वापरायची, अशी आमची रीत. त्यांच्या मुलीच्या लग्नावर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाचं लग्न शूट झालं होतं, बहुतेक माझ्याच हाताने. हे मी त्यांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

स्टिकर सोलायचा मोह टाळला, सोलताना थरच निघून येऊ शकतो. चकती मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली. जे वाचता येईल ते आधी घ्यायचं आणि अडलेल्या जागी नंतर पुन्हा पुन्हा जायचं, असं करणारं सॉफ्टवेअर लावलं. रात्रभर एका ड्राइव्हवर, दुसऱ्या रात्री यवतमाळहून मित्राकडून मागवलेल्या दुसऱ्या ड्राइव्हवर. एकाने न वाचलेलं कधी कधी दुसरा वाचतो.

पाठवणीची सतरा मिनिटं होती, त्यातली सहा आली. वडील दिसतात, मग ठोकळे होतात, मग पुन्हा दिसतात. पण चित्रातलं एक पूर्ण चित्र हरवलं की पुढची चौदा त्याच्यासोबत फुटतात. आवाजाचं तसं नसतं, त्याचे तुकडे एकमेकांवर विसंबून नसतात. म्हणून जिथे चेहरा नाही तिथेही आवाज होता. ते मुलीला सांगत होते की एसटी यवतमाळला बदलायची, सामान सोडून उठायचं नाही.

मावशींनी तो भाग तीनदा ऐकला. मग पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधला. जाताना म्हणाल्या, “पोरीच्या फोनात टाकून दे. आन् एक तुयाजवळ ठेव.”

तुमच्या घरीही कपाटात अशी एखादी चकती असेल. ती टीव्हीला लावून बघत बसू नका. आधी कुठूनतरी ड्राइव्ह मिळवा, आतलं आख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा, छोटं करू नका, आणि दोन वेगळ्या जागी ठेवा. मावशींची प्रत माझ्याकडे तीन ठिकाणी आहे. आमच्या स्टुडिओने त्या चार वर्षांत केलेल्या बाकीच्या लग्नांची एकही नाही.