न टोचलेल्यांची मोजणी

श्रोतेहो, एखाद्या औषधाला गुण आहे की नाही, हे आपण कसे ठरवतो? शेजारच्या घरी कुणाला बरे वाटले, म्हणून आपणही तेच आणतो. पण ताप औषधाने उतरला, की उतरायचाच होता म्हणून उतरला, हे एकट्या रोग्याकडे पाहून वैद्यालासुद्धा सांगता येत नाही. औषध न घेतलेल्यांचे काय झाले, तेही मोजावे लागते. हा हिशेब शिकायला वैद्यकाला बरीच वर्षे लागली, आणि त्यातले दोन धडे आपल्याच बाजूला, प्लेगच्या साथीत गिरवले गेले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. जुनी माणसे त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. घरात उंदीर पडू लागले की लोक चूलबोळकी उचलून माळावर झोपड्यांत जात. त्या वेळी डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत प्लेगवरची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांचेच नाव चालवते.

स्वतःला टोचल्याने लस घातक नाही एवढे कळले. ती प्लेग अडवते का, हे कळायचे राहिलेच. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन तेथे गेले व खुषीने पुढे आलेल्या कैद्यांना त्यांनी लस टोचली. निम्म्याहून थोडे कमी कैदी पुढे आले. पुढील दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले व ६ दगावले. टोचलेल्यांत आजारी २, आणि मृत्यू एकही नाही.

फरक उघड दिसतो. पण आता बघा, पुढे आले ते कोण? धट्टेकट्टे, हिंमतीचे असे असतील, आणि अशक्त मागे राहिले असतील. तसे असेल तर फरक लसीचा किती आणि माणसांचा किती? एका तुरुंगात अन्न, कोठडी, पाणी सगळ्यांना सारखे, म्हणून ही तुलना अगदीच वाईट नव्हे. पण निवड कैद्यांनी स्वतः केलेली होती, ही त्यातली खोट.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८९८ मध्ये, बडोद्याजवळ उंढेरा नावाच्या प्लेग लागलेल्या गावी हाफकिन गेले. येथे त्यांनी वेगळी रीत धरली. एकेक कुटुंब समोर बोलावून त्यातल्या सुमारे निम्म्या माणसांना टोचले, निम्म्यांना तसेच ठेवले. म्हणजे एका छपराखाली झोपणारी, एका चुलीवरचे जेवणारी माणसेच दोन बाजूंना झाली. काही आठवड्यांनी, ज्या घरांत प्लेग शिरला होता त्या घरांचा हिशेब झाला. टोचलेली माणसे ७१. त्यांतली ८ आजारी पडली, ३ मेली. न टोचलेली ६४. त्यांतली २७ आजारी पडली व २६ मेली. शेकड्यावर नेले तर मृत्यू एकीकडे ४ आणि दुसरीकडे ४१ पडतात. आणखी एक पाहा: लस टोचूनही ३ माणसे गेलीच. लस म्हणजे कवच नव्हे, हेही त्याच हिशेबाने सांगितले.

ही २६ माणसे वाचली असती का, हा प्रश्न मनात येतोच. त्या दिवशी लसीचा गुण कोणालाच पक्का ठाऊक नव्हता, हे खरे. तरी त्या माणसांना कितपत समजावून सांगितले होते, असे आज कोणीही विचारील, आणि विचारायलाच हवे. लसीचे श्रेय आपण हाफकिन यांना देतो. मला वाटते त्यात उंढेऱ्याच्या त्या घरांचाही वाटा आहे.

भायखळ्यातली ती खोट इतर लसींच्या हिशेबातही होती. १९०४ साली विलायतेत विषमज्वराच्या लसीचे सैन्यातील आकडे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्यापुढे आले. त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी सुचवले, की खुषीने पुढे येणाऱ्यांची यादी करा आणि एकाआड एकालाच टोचा. म्हणजे दोन्ही बाजूंना हिंमतवानच राहतील. १९१५ साली मेजर ग्रीनवुड (मेजर हे त्यांचे नाव बरे का, हुद्दा नव्हे) आणि उडनी यूल यांनी आणखी अटी घातल्या: दोन्ही बाजूंची माणसे सर्व बाबतींत सारखी हवीत, रोगाशी गाठ पडण्याचा संभव सारखा हवा, आणि रोग झाला की नाही हे ठरवताना टोचले होते की नाही याचा परिणाम होता कामा नये.

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी हे पुढे नेले. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचे औषध तेव्हा ब्रिटनमध्ये फार थोडे होते. सर्वांना पुरणारच नव्हते. कोणाला द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता त्यांनी चिठ्ठ्यांवर सोडले. चिठ्ठ्या बंद पाकिटात. १९४८ साली निकाल छापला: औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकी सहा महिन्यांत ४ गेले, नुसती विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४.

नंतर प्रश्न बदलला. औषधे आली, पण आरोग्यधामातल्या खाटा मोजक्या आणि रोगी लाखांनी. खाट हवीच का? १९५६ साली मद्रासला हीच रीत खाटेला लावली. १९३ गरीब रोगी घेतले. कोण घरी राहील, कोण आरोग्यधामात, हे चिठ्ठीने ठरवले. औषध दोघांना तेच, वर्षभर. घरच्यांना अन्न कमी, विश्रांती कमी, अंगमेहनत जास्त. वर्षअखेर आरोग्यधामात शंभरांपैकी ९२ जणांचा रोग शमला होता आणि घरी ८६ जणांचा. घरच्या पोराबाळांना लागण जास्त झाली का, तेही मोजले. जास्त झाली नव्हती. १९६२ साली देशाचा क्षयरोग कार्यक्रम आखला गेला तेव्हा तो घरी राहून औषध घेण्यावरच उभा केला गेला.