बायझंटाईन विद्वानांची पत्रमैत्री

अकराव्या शतकातील कॉन्स्टंटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल. बायझंटाईन साम्राज्याच्या या राजधानीत पत्र केवळ खुशाली कळविण्यासाठी लिहिले जात नसे. ते पोहोचले, की अनेकदा मित्रमंडळींत मोठ्याने वाचले जाई आणि शैलीला दाद मिळे. निकडीची किंवा गुप्त बातमी बहुधा पत्रवाहक तोंडी सांगत असे. त्यामुळे ही पत्रे आज पोकळ भासतात. अभ्यासकांनीही दीर्घकाळ त्यांना शब्दांचा फुलोराच मानले. तो निवाडा घाईचा होता.

तत्त्वज्ञ, इतिहासकार आणि दरबारी मायकेल प्सेलोस (जन्म १०१८) याची सुमारे ५०० पत्रे उपलब्ध आहेत. त्यांतील कित्येक प्रांतोप्रांतीच्या न्यायाधीशांना लिहिलेली, कुणाची तरी शिफारस करणारी आहेत. मैत्री म्हणजे जिव्हाळा आणि मैत्री म्हणजे वशिलाही. त्या समाजाला यात विसंगती वाटत नव्हती. पत्रासोबत भेटवस्तूही जात. ओख्रिडचा आर्चबिशप थिओफिलॅक्ट तर मित्रांना मासे पाठवीत असे.

प्सेलोसचा गुरू जॉन माव्रोपस आणि कायदेपंडित मित्र जॉन झिफिलिनोस हे दोघेही सम्राट नववा कॉन्स्टंटाइन (१०४२-१०५५) याच्या दरबारात मान्यता पावले होते. पुढे मर्जी फिरली. माव्रोपसला आशिया मायनरमधील युखाइता येथे धर्मप्रमुख म्हणून धाडण्यात आले. नावाला बढती, प्रत्यक्षात हद्दपारी! त्या ओसाड, वृक्षहीन मुलखात राजधानीशी नाते राखणारा धागा पत्रांचाच होता. आपली ७७ पत्रे त्याने स्वतः निवडून संग्रहित केली.

प्सेलोस आणि झिफिलिनोस यांनी बिथिनियातील ऑलिंपस पर्वतावर संन्यास घेतला. प्सेलोस लवकरच परतला, झिफिलिनोस तेथेच राहिला. त्यानेच प्सेलोसला एका पत्रात टोचले, प्लेटो ‘तुझा’ आहे म्हणून. प्सेलोसला झोंबले ते हे सर्वनाम. प्लेटोचे आपण अध्ययन केले, त्यातील बरेच त्याज्यही ठरविले. मात्र तर्काने विचार करणे धर्मविरोधी नाही, असे त्याने सविस्तर उत्तरात बजावले. हा रुसवा नुसता मानापमानाचा नव्हता. नवव्या कॉन्स्टंटाइनच्या काळात प्सेलोसला आपल्या श्रद्धेची लेखी ग्वाही द्यावी लागली होती. त्याचा शिष्य जॉन इटालोस याला तर १०८२ मध्ये ग्रीक तत्त्वज्ञानापायी धर्मसभेने पाखंडी ठरविले. अशा काळात मित्राच्या लेखणीतून उतरलेला एक शब्दही घातक ठरू शकत होता.

झिफिलिनोस १०६४ मध्ये कॉन्स्टंटिनोपलचा सर्वोच्च धर्मगुरू झाला. १०७५ मध्ये तो निवर्तला, तेव्हा त्याच्यावर मृत्युलेख लिहिला तो प्सेलोसनेच. झिफिलिनोसचे ते टोचणारे पत्र मात्र आज उपलब्ध नाही. त्यातला ठपका कळतो तो केवळ प्सेलोसच्या उत्तरातून.