वळिवड्याच्या बराकी

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली गाडी वेग घेते न घेते तोच वळिवडे हे लहानसे स्थानक येते. लगतच गांधीनगर. दिवाळीच्या तोंडावर आसपासच्या जिल्ह्यांतले दुकानदार कापडाचे गठ्ठे बांधायला येतात, ती ही ठोक पेठ. गठ्ठे घेऊन परतणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते की, ऐंशी वर्षांपूर्वी या जागी पोलिश भाषेतून शाळा भरत होत्या आणि रविवारी देवळात पोलिश प्रार्थना होत होती.

ही माणसे पंचगंगेकाठी आली कशी? १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर चाल केली. १७ तारखेला पूर्वेकडून रशियन फौजा शिरल्या. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे पूर्व पोलंडमधील घरांची दारे ठोठावली गेली. जे हाती लागेल ते गाठोड्यात बांधून कुटुंबेच्या कुटुंबे मालगाडीच्या डब्यांत कोंबण्यात आली. कुणी अर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकडे तोडू लागले, पुढच्या खेपांतले कित्येक कझाकस्तानच्या माळावर शेतमजूर झाले. जून १९४१ पर्यंत अशा चार मोठ्या खेपा झाल्या. त्यांत माणसे किती गेली? परागंदा पोलिश लेखक दहा लाखांच्या पुढचा आकडा सांगत. सोव्हिएत सत्ता कोसळल्यावर दप्तरे उघडली, तेव्हा या चार खेपांची बेरीज सव्वातीन लाखांच्या घरात भरली. दोन्ही बाजूंचे अभ्यासक अजून त्यावर वाद घालतात. दप्तरात डब्यात चढवलेली माणसे मोजलेली असतात. त्या पहाटेनंतर आईने काय काय सोसले, याचा रकाना तिथे नसतो. आठवणींत आकडा फुगतो हे खरे, पण तो रकाना आठवणीच भरतात.

२२ जून १९४१ रोजी हिटलर रशियावर उलटला आणि एका रात्रीत शत्रू मित्र झाले. लंडनमधील पोलिश सरकारशी करार होऊन या हद्दपारांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा कोणता, हे मात्र कुणी विचारू नये! जनरल आंडर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ साली लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. त्यांतल्या बायकामुलांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. काहींना आफ्रिकेत धाडले, काहींना मेक्सिकोत, तर काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आली.

जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांना आसरा दिला, ही कथा आता बरीच माहीत झाली आहे. वळिवड्याची गोष्ट निराळी. इथेही महाराजांनीच निर्वासितांना आश्रय दिला असे भाषणांतून सांगितले जाते. पण राजाराम महाराज १९४० सालीच निवर्तले होते आणि १९४३ मध्ये, छावणी सुरू झाली तेव्हा, गादीवर अजाण बालक होते. जागा संस्थानच्या मुलखातली, व्यवस्था हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली आणि खर्चाचा भार लंडनच्या पोलिश सरकारवर, असा तो मामला होता. याने कोल्हापूरकरांच्या आतिथ्याला उणेपणा येत नाही. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. लांबच लांब बराकी, शाळा, इस्पितळ, नाटकाचे घर, बालवीरांची पथके. परत जायचेच आहे, तर मुले भाषा विसरता कामा नयेत, या हट्टाने चालवलेले ते गाव होते.

परत जाणे घडलेच नाही. १९४५ साली इंग्लंडने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. पूर्व पोलंड रशियाच्या नकाशात गेला. घर होते, पण ते आता परक्या देशात. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंड गाठले, कुणी ऑस्ट्रेलिया, कुणी अमेरिका. काही पोलंडला परतले, तर काहींच्या नशिबी पूर्व आफ्रिकेतली आणखी एक छावणी आली.

बराकी फार दिवस ओस पडल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या कुटुंबांना त्याच जागी वसवण्यात आले. पोलिश बायका ज्या कराचीहून आल्या, तीच कराची या मंडळींनी कायमची सोडली होती. त्यांच्या वस्तीचे नाव पुढे गांधीनगर झाले.

इथे अभ्यासकाने थबकावे असे काही आहे. १९५१ च्या जिनीव्हा करारात ‘निर्वासित’ या शब्दाची जी व्याख्या झाली, ती युरोपातल्या उलथापालथी डोळ्यांपुढे ठेवून. फाळणीने उखडलेली कोटीभर माणसे तिच्यात बसली नाहीत. त्यांना नवे नागरिकत्व होते, आणि आपल्या सरकारी कागदांत ती ‘विस्थापित’ ठरली. त्यांच्यातल्या पुष्कळांना ‘शरणार्थी’ हा शब्द बोचे; आपण ‘पुरुषार्थी’ आहोत असे ती म्हणत. एकाच छपराखाली आधी राहिलेले एका कायद्याच्या दप्तरात गेले, मागाहून आलेले दुसऱ्या.

इतिहासलेखनातही तेच झाले. जगभर पांगलेल्या वळिवडेकर पोलिशांनी एकमेकांना धरून ठेवले, आठवणी जमवल्या आणि २००० साली भला मोठा ग्रंथ काढला. अनुराधा भट्टाचार्जी यांनी हिंदुस्थानातील या वास्तव्यावर संशोधन करून २०१२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. कोल्हापुरात महावीर उद्यानात स्मारक आहे, वॉर्साला कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. जे निघून गेले त्यांचा इतिहास झाला; जे राहिले त्यांची पेठ झाली. गिऱ्हाइकाशी अस्खलित मराठीत भाव करणाऱ्या दुकानदाराचे आजोबा कुठल्या गावचे, हे कोण विचारतो?

विचारायला दिवस थोडे उरले आहेत. १९४८ साली कडेवर आलेली मुले आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. सिंधीला १९६७ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले खरे, पण त्या पिढीच्या वडीलधाऱ्यांची पत्रे अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहेत आणि नातवंडांपैकी फार थोड्यांना ती वाचता येते. गांधीनगरचा इतिहास लिहू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला आधी ती लिपी गिरवावी लागेल.