लाक्षणिक भाषेचे आकलन व मेंदूची इजा

पक्षाघात, डोक्याला बसलेला मार, गाठ किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे म्हण, वाक्प्रचार, रूपक वा उपरोध यांचा अभिप्रेत अर्थ न लागणे. शब्द ओळखीचे असतात, वाक्यही समजते. पण ‘पोटात कावळे ओरडतात’ म्हटले की रुग्ण कावळ्यांपाशीच अडतो.

डाव्या अंगावरून वारे गेलेल्याच्या मेंदूचा उजवा भाग दुखावलेला असतो. त्याचे बोलणे बहुधा शाबूत राहते, म्हणून भाषेत काही बिघडले आहे असे घरच्यांना वाटतच नाही. उशिरा आल्यावर ‘लई लवकर आलास!’ हे त्याला कौतुक वाटते. घरचे म्हणतात, वेड पांघरून पेडगावला निघालाय.

मानसशास्त्रज्ञ एलेन विनर व हॉवर्ड गार्डनर यांनी १९७७ मध्ये रुग्णांना रूपके ऐकवून चित्रे निवडायला सांगितली. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या रुग्णांनी पुष्कळदा शब्दशः अर्थाची चित्रे उचलली, तरी तोंडी अर्थ त्यांना सांगता आला. डाव्या बाजूच्या इजेमुळे वाचाघात झालेल्यांनी, म्हणजे भाषेची क्षमताच बिघडलेल्यांनी, चित्र योग्य निवडले, अर्थ मात्र शब्दांत मांडता आला नाही. यावरून ‘रूपकाचे घर उजवीकडे’ असा समज पसरला. तो टिकण्यासारखा नाही: कोस्तान्झा पापान्यो व सहकाऱ्यांना २००४ मध्ये इटालियन वाचाघात रुग्णही वाक्प्रचार शब्दशः घेताना आढळले.

काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त केलेला रूढिलक्षणा (वापराने रूढ झालेला लाक्षणिक अर्थ) व प्रयोजनलक्षणा (हेतूने योजलेला लाक्षणिक अर्थ) हा भेद इथे फार मोलाचा वाटतो. रूढ वाक्प्रचार अख्खा स्मरणातून येऊ शकतो. नव्या रूपकाचा अर्थ मात्र तिथल्या तिथे जुळवावा लागतो. एक शाबूत राहून दुसरे ढासळू शकते. दोन्ही वेगवेगळे तपासलेच पाहिजेत.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तपासणीचा हा प्रश्न आणखी गुंततो. घरी मराठी, कचेरीत कन्नड, घाटाकडच्या गावांत कोकणीही. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण कन्नडमध्येही आहे, तिथे जमीन वाकडी असते. ती दोन्ही भाषांत विचारता येते. भुकेसाठी मात्र कन्नड पोट टाळ वाजवते. अशा वाक्प्रचाराचे शब्दशः भाषांतर करून प्रश्न विचारला, तर धडधाकट माणूसही चुकेल. शिक्षण कमी असेल तर म्हण वापरणाऱ्यालाही तिचा अर्थ उलगडून सांगणे जड जाते. म्हणून रुग्ण आजारापूर्वी कोणत्या म्हणी वापरत असे, हे आधी घरच्यांना विचारावे. तोंडी उत्तराबरोबर चित्रेही दाखवावीत आणि मगच निदान करावे.