लंडनची गटारे आणि पटकी

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील घरांचा मैला घराखालच्या खड्ड्यांत साठत असे. रात्री तो उपसून गाड्यांतून शहराबाहेरच्या शेतांवर नेण्यात येई. गटारे होती, परंतु पावसाच्या पाण्याकरिता. १८१५ पर्यंत त्यांत मैला सोडण्यास मनाई होती. व्यवस्था ओंगळ होती, खड्डे पाझरून विहिरीही नासत; तथापि बराचसा मैला नदीपासून दूर राहत असे, हा तिचा गुण फारसा कोणी ध्यानात घेतला नाही.

पुढे पाण्याने धुतले जाणारे संडास आले आणि खड्डे तुंबू लागले. एडविन चॅडविक या कर्तबगार अधिकाऱ्याने १८४२ साली श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवर अहवाल सादर केला. रोग दुर्गंधीतून उद्भवतो, अशी त्याची आणि बहुतेक वैद्यांची समजूत होती. तेव्हा खड्डे बुजवावेत आणि मैला गटारांतून वाहवून द्यावा, हे ओघानेच आले. १८४८ पासून नव्या गटार-आयोगाने हे काम हाती घेतले. त्यात कसूर झाली नाही, हेच दुर्दैव! कारण गटारे थेम्सला मिळत आणि कित्येक पाणीकंपन्या त्याच थेम्सचे पाणी घरोघर पुरवीत. साथ या सुधारणेने आणली असे नव्हे; पण तिची वाट मात्र मोकळी केली. १८४८-४९ मध्ये शहरात चौदा हजारांहून अधिक माणसे पटकीने दगावली.

डॉ. जॉन स्नो १८४९ पासून पाण्याकडे बोट दाखवीत होते. १८५२ मध्ये लॅम्बेथ कंपनीने आपला उपसा शहराच्या वर, स्वच्छ प्रवाहात नेला. साउथवर्क अँड व्हॉक्झॉल कंपनीने नेला नाही. दोहोंचे नळ एकाच रस्त्यावरून जात. १८५४ च्या साथीत पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे पहिलीच्या ग्राहकांत ३७, तर दुसरीच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू झाले. एवढा पुरावा समोर असूनही सरकारी शास्त्रीय समितीने १८५५ मध्ये स्नो यांचे मत स्वीकारले नाही. एकदा छापून निघालेला सिद्धांत सोडणे कचेरीला जड जाते.

अखेर पार्लमेंट हलले ते १८५८ च्या उन्हाळ्यात, नदीच्या असह्य दुर्गंधीने. म्हणजे योग्य निर्णय झाला तोही जुन्याच समजुतीमुळे. बॅझलजेट यांनी मैला शहराच्या पूर्वेस दूर नेणारी प्रचंड गटारे बांधली. पण १८६६ मध्ये पूर्व लंडनचा भाग अपुरा असतानाच पटकी परत आली. आपण न गाळलेले पाणी देत नाही, अशी ग्वाही तेथील पाणीकंपनीने दिली होती. चौकशीत तिच्या ग्राहकांच्या नळांत ईल मासे सापडले.